दाराआडून पाहिलेली काच

शकुंतलामावशी सातवी शिकलेली आणि मी एम.एस्सी.; तरी कळमनुरीच्या त्या दातांच्या दवाखान्यात मला तिचा हेवा वाटायचा. आडपडदा कशाला ठेवू?

मी पुनम, मूळची हट्टा गावची. नांदेडच्या प्रयोगशाळेत आम्ही हाडाचं सिमेंट बनवतो. दात काढल्यावर जबड्यात खड्डा राहतो; पूड आणि द्रव कालवून तो भरायचा, की ते आत हाडासारखं घट्ट बसतं. माझी पीएच.डी. त्यातच अडकली होती. एसीत छान जमणारं सिमेंट उन्हाळ्यात कालवता कालवताच आळायचं. साध्या दवाखान्यातही ते जमतं हे दाखवल्याशिवाय सर पुढे सरकू देत नव्हते. म्हणून मे महिन्यात मी कळमनुरीला आले. पेशंटच्या तोंडात काही घालायचं नव्हतं, नुसत्या वड्या पाडून त्या किती पक्क्या होतात ते बघायचं होतं.

तिथे दाढा भरायचं रोजचं सिमेंट कालवायला मावशी. तांड्यावरची. एकोणिसाव्या वर्षी झाडलोटीला आली, आधीचा मदतनीस काम सोडून गेला तेव्हा डॉक्टरांनी हिच्या हातात कालवायचं पातं दिलं, त्याला बावीस वर्षं झाली. कालवायच्या आधी ती बांगड्या काढून खणात ठेवायची, हातमोजे चढवायची आणि मग कोणाशी बोलायची नाही. कालवलेल्या सिमेंटची छोटी गोळी बोटांत फिरवत राहायची. गोळी चिकटेनाशी झाली की म्हणायची, "भरा आता, डाक्टर." डॉक्टर घड्याळ बघतच नसत. तीन वर्षं घड्याळ लावून बसलेल्या माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

माझ्या वड्या भुसभुशीत निघाल्या. "आण बरं इकडं," म्हणत मावशीने माझीच पूड घेतली, आणि तिची वडी काही केल्या फुटेना. डॉक्टर हसले, "पुनम, तुझी डिग्री हिलाच देऊन टाकू." गंमतच ती, पण मला झोंबली.

विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण सातवी शिकलेल्या बाईला मी विचारू? दुसऱ्या दिवशी दाराआड उभी राहून मी पाहिलं. कालवायची काच ती फ्रिजमधून काढत होती आणि पूड एकदम न घालता थोडी थोडी, सहा वेळा घालत होती. बस्स, एवढंच! मी तसंच केलं आणि वड्या पक्क्या झाल्या. अहवालात ती पद्धत माझी म्हणून लिहिली. मावशीचं नाव कुठेच आलं नाही, आणि त्याचं मला बरंही वाटलं.

श्रावणात सरांनी बाहेरच्या तज्ज्ञांसमोर प्रात्यक्षिक ठेवलं. एसी मुद्दाम बंद, खिडक्या उघड्या, बाहेर झड लागलेली. मी थाटात गार काच काढली, सहा वेळा पूड घातली. तासाभराने तज्ज्ञांनी वडी उचलली, तर ती त्यांच्या चिमटीतच बिस्किटासारखी चुरली. दुसरीही चुरली. सर म्हणाले, "पंधरा दिवसांत जमलं नाही तर विषय बदला."

मी अभिमान गिळला आणि मावशीला फोन लावला.

"मावशी, गार काचेवर कालवलं तरी भुगा होतोय."

"काच पुसली व्हती का?"

"पुसायची कशाला?"

"अगं, झडीच्या दिवसात गार काचेला घाम सुटतो. ते पाणी शिमीटात जातं. उन्हाळ्यात हवा कोरडी, तवा पुसायचं काम न्हाई." मग म्हणाली, "तू दाराआड उभी व्हतीस तवाच सांगनार व्हते. म्हनलं, इचारंल. काहून इचारलं न्हाई गं?"

मी फोन ठेवला आणि काच पुसायला कोरडं फडकं घेतलं.

पुसलेल्या काचेवरची वडी फुटली नाही. नव्या अहवालात तिचं नाव मी माझ्या नावाखाली घातलं. मग खोडून वर घातलं. कळमनुरीला जाऊन तिला दाखवलं, तर तिने नावावरून नुसतं बोट फिरवलं. तेवढ्यात पेशंट आला. तिने बांगड्या काढून खणात ठेवल्या आणि माझ्याकडे वळली.

"आता दारात नगं. हितं, जवळ उभी ऱ्हा."

मी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले. हेवा तर अजून वाटतच होता.