दोरा बांधलेली बाटली

माझ्या गालाच्या आतनं, डाव्या अंगाला, वाटाण्याएवढी गाठ हुती. दुखत न्हवती, रगत येत न्हवतं. जिभेनं चाचपली तर गुळगुळीत लागायची. तिथली दाढ तुटकी, ती रोज घासायची, म्हणून मांस वर आलं आसंल, आसं धरून मी वरीसभर कुणाला बोललेच न्हाई.

बोलली ती माझी धाकटी जाऊ. तिच्या हिरडीवर लालभडक फोड आला. बोट लागलं की भळकन रगत. तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. माझी सून तिला रहाटणीतल्या दाताच्या डॉक्टरणीकडं न्यायला निघाली, तवा मला म्हणाली, "आत्या, तुमीबी चला. जाता जाता तुमची दाढ काढून घेऊ."

आमी दोघी जावा एकाच घरात राहतो. खाली मी, वर ती, तिच्यावर भाडेकरू. शेतावर बिल्डिंगी उठल्या, पण आमची मिसरी काय सुटली न्हाई. मिसरीसाठी तंबाखू तव्यावर जाऊच भाजायची. सकाळी दारात बसून एकाच डबीतनं बोट भरायचं आन् दात घासत बसायचं. चाळीस वर्सं तेच. त्यामुळं दोघींच्या तोंडात एका वक्ताला काय तरी निघालं, ह्याचं मला नवल न्हाई वाटलं. नवल पुढं हाय.

डॉक्टरणीनं जावेचं तोंड बघितलं आन् तिचा चेहराच उतरला. "हे मला बरं दिसत नाही," म्हणाली. माझं बघून हसली. "आजी, तुमची साधी गाठ आहे. दाढ घासून घासून झालीय. दाढ काढू, गाठ काढू, विषय संपला."

जाऊ बाहेर बाकड्यावर बसून मला म्हणते, "अक्का, मिसरी दोघींनी लावली आन् भोगायचं मी एकटीनं व्हय?"

"गप की गं. आजून काय झालं बी न्हाई."

पण खरं सांगते, मला आतनं सुटल्यावानी वाटलं हुतं.

दोघींचं मांस काढलं आन् पाण्यागत औषधात, दोन बारक्या बाटल्यांत घातलं. डॉक्टरीण म्हणाली, गाठ कसलीबी दिसू दे, तपासायला द्यायचीच. बाटल्यांवर कागद चिकटवून तिनं पेनानं नावं लिहिली. तपासायची जागा पिंपळे गुरवला. सुनेला नातीची शाळा सुटायच्या आत पोचायचं हुतं. तिनं आमाला रिक्षात बसवलं आन् पिशवी माझ्या मांडीवर दिली.

मला वाचता येत न्हाई. जावेला बी न्हाई. गिरणीत दळण टाकताना आमच्या दोघींचे डबे सारखेच, म्हणून मी एका डब्याच्या कडीला दोरा बांधते. तसाच रिक्षात लुगड्याच्या काठाचा दोरा काढला आन् एका बाटलीच्या गळ्याला बांधला. डॉक्टरणीनं माझी कुठली ते दाखवलं हुतं, ते मनात घोळवतच बांधला.

तिथं पोचलो तर पिशवी वली. एक बाटली गळून दोन्ही कागदांवरली शाई पसरलेली. खिडकीतला मानूस म्हणाला, "मावशी, नावं गेलीत. कुणाची कुठली?"

"दोरेवाली माझी," मी लगीच बोलले. त्यानं तसं लिहून घेतलं.

आठ दिवसांनी डॉक्टरणीनं आमाला सगळ्यांना बोलवलं. कागद वाचला, परत वाचला. मग मला विचारलं, "आजी, दोरा नक्की कुणाच्या बाटलीला होता?"

दोरेवाल्या बाटलीत कॅन्सर निघाला हुता. जावेच्या लाल फोडात काय न्हवतं. डॉक्टरीण म्हणाली, मला तर उलटं वाटलं होतं, म्हणून विचारते.

आन् तवा मला आठवलं, गिरणीत मी दोरा माझ्या डब्याला बांधतच न्हाई. जावेच्या डब्याला बांधते. तिची बाजरी असती, माझे गहू. हाताला तीच सवय. मग रिक्षात हात कुठं गेला? डॉक्टरणीनं दाखवलेली बाटली डोळ्यांपुढं आणायला बघितलं तर दोन्ही सारख्याच दिसाय लागल्या. माझी माझी म्हणत मी तिचीच बांधली का काय? मला सांगताच येईना.

"ठाऊक न्हाई," मी म्हणाले.

सून बोलली, "आत्या, असं कसं ठाऊक न्हाई? आठवा की!"

"आठवून येतंय व्हय? आलं आसतं तर सांगितलं न्हसतं?"

मोठ्या दवाखान्यात दोघींचं परत तपासायचं ठरलं. जिथनं गाठ काढली तिथलंच मांस घ्यायचं. ह्या बारीला तिथल्या बाईनं आमच्यासमोर नावं विचारून बाटल्या भरल्या, आमच्या हातात दिल्याच न्हाईत. उत्तर यायला लई दिस लागले. तवर दोघींपैकी एकीला हाय, कुणाला ते ठरत न्हाई. घरातली मानसं आमच्याकडं बघायची न्हाईत. जाऊ जिन्यानं खाली यायची, मिसरीची डबी न आणता, आन् नुसती बसायची. मीबी बसायचे. दोघी एकमेकीच्या गालाकडं बघायचो. तिचा फोड दिसायला कसला वंगाळ, माझी गाठ कशी शहाणी. तीच कॅन्सरची म्हणायची? कुणाला सांगावं तर पटायचं न्हाई. माझं मला पटत न्हवतं.

त्या दिसांत माझ्या मनात काय हुतं ते आता बोलते. बाटल्या बदललेल्या आसू देत, आसं मला वाटायचं. म्हंजी तिला आसू दे. चाळीस वर्सं एका डबीतनं मिसरी लावलेल्या बाईला.

बाटल्या बदलल्या न्हवत्या. दोरा माझाच हुता.

मोठ्या डॉक्टरनं सांगितलं, काही कॅन्सर अगदी साध्या गाठीसारखे येतात, बघून आमीबी फसतो. मी म्हणाले, "मग मी काय बघायचं हुतं?" तो म्हणाला, "आजी, बघून कळत नाही. तपासूनच कळतं." मला ते तवाबी नीट उमगलं न्हाई. डोळ्याला दिसतं ते खरं न्हाई आन् बाटलीत जातं ते खरं, ह्यो कसला न्याय?

दवाखान्याच्या जिन्याखाली जाऊ रडाय लागली. म्हणाली, "अक्का, मी देवाला साकडं घातलं हुतं, दोरा तुमचाच निघू दे म्हणून."

मी म्हणाले, "मी बी घातलं हुतं. तुझा निघू दे म्हणून."

ती रडायची थांबली.

"तुमचं देवानं ऐकलं न्हाई मग," म्हणाली.

"तुझं ऐकलं की. आता डोळं पूस, सून बघतीया."

गालाचं आपरेशन झालं, मशिनीखाली किरणांचा शेक दिला. तोंड आता दोन बोटं उघडतं. भाकरी दुधात कुस्करून जाऊ खाली आणून देते, आन् मी जेवताना समोर बसती. ते साकडं आमी दोघींनी परत काढलं न्हाई. परवा तिच्या जिभेखाली बारीकसं पांढरं दिसलं. "काय न्हाई, दाताचं लागलंय," ती म्हणाली. मी ताट बाजूला सारलं, सुनेला हाक मारली आन् म्हणाले, "गाडी काढ."