लांबलेली प्रार्थना

दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरांच्या गणवेशाला इस्त्री करायचं काम त्यांच्या दादाकडे होतं. दादा जन्मभर शिंपी. आता डोळे अधू झाले होते, पण इस्त्रीला डोळे लागत नाहीत, असं त्याचं म्हणणं. त्या रविवारी सकाळी तो कॉलर दाबत होता आणि आतल्या खोलीतून बहिणीचा आवाज येत होता.

"माझं काही नाही. हात त्याचे, मी फक्त पुढे केले."

थोडं थांबून पुन्हा तेच, जरा हळू.

"पहिलं बरं होतं," दादा म्हणाला. "त्यात नम्रता कशी घरगुती वाटत होती."

"दादा, देवाच्या गोष्टींची चेष्टा नको."

"देवाची कुठे करतोय? तुझी करतोय."

त्या दिवशी उपासनेनंतर दवाखान्याच्या प्रार्थनागृहात सिस्टरांचा सत्कार होता. सिस्टर आधी नको म्हणाल्या होत्या. पाळकसाहेबांनी पुन्हा विचारलं नसतं, तर मात्र त्यांना झोप लागली नसती.

सिस्टरांचं नाव होतं ते तान्ह्या मुलांच्या शिरांसाठी. जुलाबाने सुकलेलं बाळ आणलं की सलाईन लावायला शीर सापडत नाही. सिस्टर आल्या की सापडायची. त्या बाळाचा पाय हातात घ्यायच्या, डोळे मिटून प्रार्थना करायच्या, आणि एका टोचणीत सुई आत. आई त्यांचे हात धरून रडायची. सिस्टर आपलं वाक्य म्हणायच्या आणि बाळाचे घाण झालेले कपडे उचलून स्वतः धुवायला न्यायच्या. बढती चालून आली तेव्हा त्यांनी ती नाकारली. यात ढोंग नव्हतं. म्हणूनच आत काय वाढतंय ते कुणाला दिसलं नाही. त्यांनाही नाही.

वॉर्डात त्यांचा एक नियम होता. बाळाची शीर त्यांच्याशिवाय कुणी शोधायची नाही. "नवशिक्यांच्या हाताखाली जिवाची चाळण होते," त्या म्हणायच्या. सुट्टी असली तरी त्यांना घरून बोलावलं जायचं. सगळ्यांना ती माया वाटे.

अलीकडे त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. आधी कपबशी वाजली, मग सुई हलली. डोळे मिटून, मनगट खाटेच्या कडेला टेकवून थांबलं की हात हळूहळू स्थिर होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. तशी सुई टोचण्याआधीची प्रार्थना लांबत गेली. वॉर्डातले म्हणू लागले, सिस्टर दिवसेंदिवस देवाच्या अधिक जवळ चालल्यात. सिस्टरांनी ते ऐकलं आणि खोडून काढलं नाही.

उपासनेचं शेवटचं गीत चालू असताना प्रार्थनागृहाच्या दारात रेडिओ आली. मुलांच्या वॉर्डातली ही नर्स. एकदा सुरू झाली की बंद होत नाही, म्हणून हे नाव. आज ती काही बोलली नाही. पुढच्या बाकापर्यंत आली, सिस्टरांच्या दंडाला धरलं आणि उठवलं.

व्हरांड्यात आल्यावर सिस्टरांनी विचारलं, "बाळ कधी आणलं?"

"उपासना सुरू झाली तेव्हाच."

"आणि आत्ता सांगतेस?"

"मी निरोप पाठवले. दारावरचे काका म्हणाले, आज त्यांचा दिवस आहे, सत्कार होऊ दे. डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, बाईचं पोट उघडलंय, येता येत नाही. म्हणाले, सिस्टरांनाच बोलवा." ती भरभर चालत होती. "आणि तुमच्याशिवाय हात लावायचा नाही ना."

बाळाचे डोळे खोल गेले होते. टाळू खचली होती. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. आई खाटेचा गज धरून होती.

"आल्या," ती बाळाला म्हणाली. "आल्या बघ सिस्टर."

सिस्टरांनी पाय हातात घेतला. गार होता. डोळे मिटले, मनगट टेकवलं. आईनेही डोळे मिटले. रेडिओने मिटले नाहीत. ती सिस्टरांचं मनगट बघत होती.

सुई शिरेच्या बाजूने निसटली. बाळ रडलं नाही. रडलं असतं तर बरं झालं असतं.

सिस्टरांनी दुसरा पाय घेतला. पुन्हा डोळे मिटले. हात थांबेना. त्या मनात म्हणत होत्या, प्रभू, एवढ्या वेळी. फक्त एवढ्या वेळी. आजच्या दिवशी नको. सगळे बसलेत तिथे.

सुई टोचली. कातडीखाली निळा फुगवटा आला. शीर फुटली होती.

आपण आत्ता काय मागितलं ते त्यांना नीट ऐकू आलं होतं. त्या प्रार्थनेत बाळ कुठेच नव्हतं.

आई म्हणाली, "सिस्टर, तुम्ही प्रार्थना करा ना. अजून करा. मी थांबते."

सिस्टर रेडिओकडे वळल्या. "तुला येतं?"

"येतं."

"कुठे शिकलीस?"

"डॉक्टरांनी शिकवलं. तुम्ही नसताना. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही. रागवा, पण नंतर."

म्हणजे सगळा वॉर्ड त्यांना सांभाळून घेत होता. त्यांची कानशिलं तापली. तिला नकार द्यायला एवढं पुरेसं होतं. त्यांनी बाळाकडे पाहिलं आणि ट्रे पुढे केला.

"घे."

"टॉर्च धरा. बाळाच्या तळहाताच्या मागून. उजेड आरपार यायला पाहिजे."

कित्येक वर्षांत त्यांना कुणी हुकूम सोडला नव्हता. त्यांनी टॉर्च धरली. उजेड नाचू लागला.

"सिस्टर, दोन्ही हातांनी."

तरी नाचत होता. शेवटी त्या फरशीवर गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही कोपरं खाटेत रुतवली. उजेड थांबला. बाळाच्या इवल्याशा हातात एक काळसर रेघ दिसली.

रेडिओने डोळे मिटले नाहीत. तिचं तोंड सुरू झालं होतं. "ये गं बाई. लपतेस कशाला, मी काय तुझी सासू आहे? अशी. अजून थोडी. हलू नका सिस्टर."

नळीत लाल ठिपका आला. रेडिओ गप्प झाली. तिने चिकटपट्टी लावली, सलाईनची कळ सोडली. थेंब पडू लागले. सगळे त्या थेंबांकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने बाळ बारीक कण्हलं आणि आई होती तिथेच खाली बसली.

"धोका आहे अजून," रेडिओ म्हणाली. "मी इथेच थांबते. तुम्ही जा, ते सगळे खोळंबलेत."

बाळाला सलाईन लागल्याची बातमी त्यांच्या आधी प्रार्थनागृहात पोचली होती. सिस्टर आत आल्या तशी मंडळी उभी राहिली. टाळ्या थांबेनात. पाळकसाहेबांच्या हातात चौकटीतलं मानपत्र होतं.

"सन्मान सोडून सेवेला धावणं म्हणजे काय, ते आज आपण पाहिलं," ते म्हणाले. "सिस्टर, दोन शब्द बोला."

सिस्टरांच्या तोंडून सवयीने निघालं, "माझं काही नाही."

बाकांवरून कौतुकाची एक कुजबुज गेली. कुणी तरी म्हणालं, "बघा, आजही तेच."

"नाही, खरंच माझं काही नाही," त्या म्हणाल्या.

लोक कौतुकाने हसले. सिस्टर घाबरल्या. आयुष्यभर जे म्हटलं ते आज पहिल्यांदा खरं होतं, आणि कुणी विश्वास ठेवत नव्हतं. गप्प बसल्या असत्या तरी चाललं असतं. त्यांनी मागच्या बाकावरच्या दादाकडे पाहिलं. तो हसत नव्हता.

त्यांनी उजवा हात पुढे केला आणि तसाच ठेवला. तो थरथरत होता. मागच्यांनाही दिसावं म्हणून त्यांनी बाही सरकवली.

"बरेच दिवस हा असा आहे. मी लपवला. डोळे मिटून थांबायची, त्याला तुम्ही प्रार्थना म्हणायचात, मी म्हणू दिलं. आज माझी सुई चुकली. दोन्ही वेळा. जिची लागली ती बाळापाशी बसलीय. तिने मघाशीच लावली असती, पण माझा नियम होता. बाळ तेवढा वेळ माझ्या नियमासाठी पडून राहिलं."

पाळकसाहेबांना मानपत्र कुठे ठेवावं ते सुचेना. दारावरचे काका खाली बघत होते.

कुणीच टाळी वाजवली नाही. आणि मग सिस्टरांच्या लक्षात आलं, आपण वाट बघतोय. हेही ऐकून कुणी तरी वाजवेल, म्हणून थांबलोय. त्यांनी हात खाली घेतला आणि बाहेर पडल्या.

वॉर्डात रेडिओ बाळाचा हात धरून बसली होती.

"आलात? त्या आईला पाणी द्या आधी. सकाळपासून घोटभर घेतलं नाही तिने. मला इथून हलता येत नाही."

"देते," सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी पेला अर्धाच भरला आणि दोन्ही हातांनी धरून सगळ्या खाटांसमोरून नेला. थोडं पाणी सांडलं. इस्त्रीच्या गणवेशावरच सांडलं.