पेरणीचं बटण

बाबांना लकवा मारला त्यानंतर चार महिन्यांनी त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला, आणि तो त्यांनी थेट जावयाला हाणला.

त्यांना व्यायामवाल्या डॉक्टरांना दाखवायला आम्ही वाशीमला नेलं होतं आणि दुपारी बहिणीकडे जेवायला थांबलो होतो. भाऊजी नव्या लॅपटॉपवर शेतीचा गेम खेळत होते. ट्रॅक्टर चालवायचा, नांगरायचं, पेरायचं, सोंगायचं, असा तो गेम. बाबा शेजारच्या खुर्चीवर होते. त्यांचा उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, म्हणजे आम्हीच ठेवला होता. पडद्यावरचा ट्रॅक्टर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर चढणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "वयव!"

म्हणजे वळव. अकरा वर्षांत ज्यांना "जावईबापू, तुमी" याशिवाय हाक नव्हती, त्यांना. भाऊजींनी मुकाट्यानं वळवला. बहीण रडायला लागली. माय बाबांच्या पायाशी बसून "आखीन बोला, आखीन बोला" म्हणत राहिली. मी लॅपटॉपमध्ये ग्राफिक कार्ड कोणतं आहे ते बघितलं.

मी तसाच झालो होतो. बाबा वांग्याच्या वाफ्यात पडले त्या सकाळपासून मला काही वाटणंच बंद झालं होतं. दवाखाना, रिपोर्ट, गोळ्यांच्या वेळा, सगळं बरोबर करत होतो. लोक म्हणायचे, पोरगा मोठा धीराचा. धीर कसला, आत काही हलतच नव्हतं.

डॉक्टरांना वाटेतूनच फोन केला. ते म्हणाले, "त्यात त्यांचं मन लागत असेल तर रोज खेळू द्या. बोलणं आणि हात ओढून बाहेर काढता येत नाहीत. त्यांना यावंसं वाटलं तर येतील." एवढं ऐकलं आणि मी कामाला लागलो. हा गेम आपल्या घरी चालला पाहिजे, म्हणजे बाबा परत येतील. मला हिशेब सोपा वाटला.

शेलूबाजारला माझं दुकान आहे. सातबारा, पीक विम्याचे अर्ज, झेरॉक्स, आणि लोकांचे मेलेले कॉम्प्युटर उठवणं. त्यासाठीच मी वावर सोडलं होतं. बाबांनी तेव्हा एकच वाक्य म्हटलं होतं, "खुर्चीवर बसून शेती होत नाही," आणि मग तो विषय आमच्यात कायमचा बंद झाला. घरी होता तो दुकानातून निवृत्त झालेला जुना कॉम्प्युटर. नवं विंडोज त्यावर चढवायला गेलं की सरकारी योजनेसारखं उत्तर यायचं, आपण अपात्र आहात. म्हणून मी त्यावर लिनक्स टाकलं होतं. आणि हा गेम फक्त विंडोजची भाषा बोलणारा.

त्याच्यावरही इलाज असतो. गेम आणि लिनक्स यांच्यामध्ये एक दुभाषा बसवायचा. गेम विंडोजच्या भाषेत काही मागतो, दुभाषा ते लिनक्सला समजावून सांगतो. या दुभाष्याचं नाव वाइन आहे. ते मी मायला सांगितलं नाही.

दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं. तेवढ्या वेळात घरी येऊन बसायचो. पहिले दोन दिवस गेम उघडायच्या आधीच मरत होता. तिसऱ्या दिवशी पडदा काळा राहिला, पण आवाज आला. ट्रॅक्टर सुरू झाल्याचा. बाबांनी खाटेवरून मान वळवली. काळ्या पडद्याकडे बघत ते तो आवाज अर्धा तास ऐकत राहिले. मला आनंद व्हायला हवा होता. मी दुभाष्याची दुसरी आवृत्ती उतरवायला लावली.

आठवड्याभरानं चित्र आलं, पण ट्रॅक्टर एक पाऊल टाकून दम खायचा. मग जुन्या कार्डाच्या डोक्यावरचं ओझं काढत गेलो. सावल्या बंद, गवत बंद, पक्षी बंद, ढग बंद, शेवटी झाडंही बंद.

माय टोपलीत निवडायचा सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन आली आणि बघत उभी राहिली. "धुऱ्यावरचे झाडं कायले काढले?"

"चालत नव्हतं, माय."

"झाडाबिगर मानूस जेवाले बसन कुठी?"

मी झाडं बंदच ठेवली. पण ट्रॅक्टर आता चालत होता.

बाबांना खुर्चीवर बसवलं, डावा हात कीबोर्डवर ठेवला. दोन दिवसांत त्यांना जमलं. डाव्या हाताच्या तीन बोटांनी त्यांनी ते उघडंबोडकं वावर नांगरलं, आणि असं नांगरलं की भाऊजींनी बघायला हवं होतं. नांगराचं तास सरळ, वळण धुऱ्याच्या आत. बोलले नाहीत, पण चेहरा कामातल्या माणसाचा होता. मग पेरणीयंत्र जोडलं, गहू भरला, ट्रॅक्टर वावराच्या तोंडाशी आणला आणि थांबले.

तिथेच अडलं. पेरणीचं बटण ते दाबेनात.

मी म्हटलं, बटण लागत नसेल. दाबून बघितलं, लागत होतं. म्हटलं, बोट पोचत नसेल. पेरणी दुसऱ्या बटणावर आणली, मग मोठ्या लांब बटणावर, मग माउसवर. दर वेळी तपासायला मी दोन हात बी पेरायचो आणि गेम बंद करून ते पुसून टाकायचो. बाबा दर वेळी डोळे मिटून घ्यायचे. मला वाटलं, थकतात. आठ दिवस ट्रॅक्टर वावराच्या तोंडाशी उभा, आणि मी दुभाषा काढतोय, दुभाषा घालतोय. एका दुपारी त्यांनी डाव्या हातानं माझा हात कीबोर्डवरून झटकला. मी लिहून ठेवलं: चिडचिड, डॉक्टरांना विचारणे.

त्या दिवशी माय स्वयंपाकघरातून हे बघत होती.

"काय करून राह्यला तू?"

"पेरणीचं बटण बिघडलं वाटते."

"काय पेरून राह्यले ते?"

"गहू."

माय हात पुसत बाहेर आली. "बटन नाही बिघडलं बापा. तुह्या बापानं मूठ धरल्याबिगर कवा पेरलं?"

आमच्या घरी तिफण असो की ट्रॅक्टर, पहिलं बी कर्त्या माणसाच्या उजव्या मुठीतून पडतं. माय हळदीकुंकू लावते, ओंजळीतलं बी बाबांच्या मुठीत देते, ते मूठ कपाळाला लावून बी सोडतात, आणि मगच बाकीचं वावर. लहानपणापासून बघत आलो होतो. जमिनीला वाफसा कधी, पहिली मूठ कोणाची, सगळं गेमच्या बाहेर ठेवून मी बिघाड तारांमध्ये शोधत होतो. वर त्यांच्यादेखत आठ दिवस बी टाकून पुसत होतो.

मायनं मॉनिटरच्या कोपऱ्याला हळदीकुंकू लावलं. डब्यातला गहू आणला आणि बाबांच्या उजव्या हातावर ठेवला. बोटं मिटली नाहीत. दाणे फटीतून मांडीवर सांडले. मायनं पुन्हा ठेवले, पुन्हा सांडले. ती तिसऱ्यांदा वाकली तेव्हा बाबांनी मान हलवली. डाव्या हातानं मांडीवरचे दाणे एकेक करून गोळा केले. बराच वेळ लागला. मग ते त्यांनी माझ्या उजव्या तळहातावर ठेवले, माझी बोटं आपल्या बोटांनी मिटवली, आणि ती मूठ धरून कीबोर्डपर्यंत नेली.

"तू," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "पेर."

मी मुठीनंच बटण दाबलं. ट्रॅक्टर दम खात खात निघाला. माझं तास वाकडं गेलं, तरी त्यांनी "वयव" म्हटलं नाही. त्यांनी हात परत कीबोर्डवर ठेवला नाही. मी ठेवून बघितला, त्यांनी काढून घेतला. मी तीन आठवडे झटलो होतो ते त्यांना परत आणायला. ते आले होते, पण पेरणी माझ्या हातात देऊन जायला.

चार वाजता दुकान उघडलं. एक म्हातारे शेतकरी सातबाऱ्याचा उतारा काढायला आले. मी डाव्या हातानं त्यांचा गट नंबर टाकत होतो.

"हाताले काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"मंग मूठ काहून बांधली?"

मी उघडली. दाणे घामानं तळहाताला चिकटले होते. सोयाबीन मजुरांनी काढून दिल्यापासून आमचं वावर तसंच मोकळं पडलं होतं. दिवाळी होऊन गेली तरी गव्हाचं घरात कोणी नाव काढलं नव्हतं.

म्हातारबांनी दाण्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "पेरनी बाकी हाये काय?"

"हो," मी म्हटलं, "बाकी हाये." आणि पडद्यावरचा गट नंबर मला दिसेनासा झाला. म्हातारबा बाकावर बसून राहिले, आणि त्यांचा उतारा निघायला त्या दिवशी फार उशीर झाला.