ऐंशी झाले की चहा

आमच्या यशोधराला ताप बघायचा नाद आहे. माझा नाही हो, कॉम्प्युटरमधल्या ग्राफिक्स कार्डाचा. मला परवा कणकण होती, तर कपाळाला हात लावून म्हणाली, काही नाही, थंड आहे. आणि कार्ड जरा तापलं की हिचा जीव वरखाली.

दिवसभर ती लोणावळ्यातल्या बंगल्यांचं बुकिंग सांभाळते. पर्यटकांची सगळी नाटकं हसून ऐकून घेते आणि संध्याकाळी घरी येऊन गेममध्ये बंदूक चालवते. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. कुणीतरी गोळ्या खायलाच हव्यात. माझं दुखणं वेगळंच आहे, त्याचं नाव गुलजार.

गुलजारचं कामशेतला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हे जुनं कार्ड त्यानंच बसवून दिलं आणि तेव्हापासून खेळायला हिच्या जोडीला तोच असतो, तो तिकडून, ही इकडून. स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचा हिरवा आकडा. तो हेडफोनवर विचारणार, वहिनी, किती झालं? ही सांगणार, चौऱ्याहत्तर. मग तो म्हणणार, जपून. माझ्या बायकोला जपून राहायला सांगणारा हा कोण टिकोजीराव? तिला वहिनी म्हणतो, मला अजून एकदा भाऊ म्हणाला नाही. जळतो मी त्याच्यावर, सरळ सांगतो.

ऐंशी झाले की थांबायचं, कार्ड थंड होऊ द्यायचं, हा नियमही त्याचाच. तेवढा मात्र मला गोड होता. ही हेडफोन काढायची, मी चहा टाकायचो आणि आम्ही दोघं ओट्याशी उभं राहून प्यायचो. बंगल्यावर कुणी काय मागितलं, देहूरोडच्या आमच्या डेपोत साहेब कुणावर घसरला, सगळं तेव्हाच निघायचं.

यंदा पावसाळ्यात आकडा भलताच लवकर ऐंशी गाठायला लागला. गुलजार दोनदा घरी आला. कॉम्प्युटरचा डबा उचलून हॉलमध्ये आणला, पंखा साफ केला, कार्ड थंड ठेवणारी नवी पेस्ट लावली, हिच्या हातचे पोहे खाल्ले. फरक शून्य. कार्डच जुनं आहे, दुसरं बघतो म्हणाला. म्हणजे हा पुन्हा येणार आणि पुन्हा पोहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, आता मीच शोधतो.

रविवारी शर्ट काढायला कपाट उघडलं आणि तोंडावर झळ आली. काखेत कळसा अन् गावाला वळसा! पावसाळ्यात आमच्या भिंतींना पाणी सुटतं, म्हणून कपड्यांना बुरशी येऊ नये यासाठी कपाटाच्या तळाला बल्ब कायम जळत असतो. लोणावळ्यात तो घरोघरी असतो, त्याच्याकडं कुणी बघतही नाही. आणि कॉम्प्युटरचा डबा, ओल लागू नये म्हणून, आम्हीच कपाटात त्या बल्बच्या शेजारी ठेवलेला.

मी हिला बोलावून दाखवलं आणि बल्ब बंद केला. संध्याकाळी आकडा पासष्टच्या वर जाईना. मी छाती काढून मागं उभा. आणि हिनं पहिल्यांदा कुणाला सांगितलं? गुलजारला! बल्बचं तर नावही काढलं नाही.

त्याहून वाईट पुढंच होतं. ऐंशी होईनात, म्हणून ही थांबेना. मी चहा टाकायचो, तो साय धरून बसायचा. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता. मी फुगलो, भांडी आदळली, हिला पत्ता नाही. एकट्यानं प्यायलेला चहा चहा लागत नाही.

काल संध्याकाळी टॉवेल काढायला कपाट उघडलं. बल्ब चालू होता. मी लावला नव्हता, आणि घरात आम्ही दोघंच. तेवढ्यात मागून तिचा आवाज आला, "गुलजार, ऐंशी झाले. मी थांबते."

हेडफोन काढून ती ओट्याशी आली.

"कपड्यांना वास यायला लागला होता," माझ्याकडं न बघता म्हणाली. "चहा टाका ना."

मी आलं जरा जास्तच किसलं. गुलजार अजून म्हणतो, कार्डच जुनं आहे.