पाटाच्या गाण्यातलं दूध

गडहिंग्लजला एका लग्नात नवरीच्या मेंदीवर कॅमेरा लावून बसलो होतो. तेवढ्यात कार्यालयातला माणूस विचारत आला, "दस्तगीर शूटिंगवाले कोण? कोल्हापुरातनं फोन हाय." आमच्या शेजारच्या इंदूआक्का सकाळीच गेल्या होत्या... फोन ठेवला, परत कॅमेरा उचलला आणि रुखवताचं शूटिंग दोनदा केलं. लग्नाची कॅसेट बघून त्या मंडळींनी मला विचारलं, "पावणं, आमचे लाडू दोन-दोनदा का दावलाय?" आता काय सांगायचं त्यांना!

मंगळवार पेठेत आक्कांची आणि आमची भिंत एकच. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत पेटी घेऊन त्या बसायच्या आणि गल्लीतली चार-पाच वर्षांची पोरं समोर. पाटी नाही, परीक्षा नाही. "आधी नाक पूस, मग सा लाव," एवढाच नियम. माझी मुमताज तोंड उघडलं की भांडण काढायची. आक्कांकडं जायला लागल्यावर तेच तोंड सुरात उघडायला लागलं. माझ्या घरी टीव्ही आणि व्हीसीआर आला तेव्हा अख्खी गल्ली बघायला लोटली, आक्का तेवढ्या आल्या नाहीत. "डब्यात बसलेलं माणूस पोराचं नाक पुसतंय व्हय रं?" म्हणाल्या.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या घशात गाठ निघाली. मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशननं जीव वाचेल, आवाज मात्र जाईल. त्या दुपारी आक्का पहिल्यांदा माझ्या उंबऱ्याच्या आत आल्या आणि व्हीसीआरकडं बघत उभ्या राहिल्या.

"दस्तगीर, ह्या डब्यात मला बसीव."

मी व्हीसीआरवरचं फडकं उगाच सारखं केलं.

"आवाज गेला तर जाऊ दे रं. पन ही धा-बारा पोरं अर्ध्यावर हाईत. त्यास्नी सूर कोन दावनार?" असं म्हणताना मात्र त्यांचे डोळे भरले. माझेही भरले, लपवून काय करू?

दुसऱ्या दिवशी सकाळी हॅलोजन, कॅमेरा सगळा बाडबिस्तरा घेऊन गेलो. आता माझा हात लग्नात तयार झालेला! आक्कांनी सा लावला आणि माझा कॅमेरा त्यांच्या तोंडावरनं बांगड्यांवर, बांगड्यांवरनं मंगळसूत्रावर, तिथनं मांडणीतल्या पितळी डब्यांवर. रुखवतच घेत होतो की मी! आक्का पेटी थांबवून म्हणाल्या, "अरं, माझं लगीन न्हाय लावायचं. तोंड दाव माझं. पोरांना तोंड कसं उघडायचं ते दिसू दे." मग गप कॅमेरा धरून बसलो.

सा रे ग म झालं, टाळ्या देऊन ताल धरायचा झाला, शेवटी त्यांनी स्वतः रचलेलं गाणं आलं. "पाट आला गं पाट आला, उसाच्या रानात पाट आला..." आवाज फाटत होता, दर ओळीला घोटभर पाणी लागत होतं, पण सूर जागचा हलला नाही. दुसरी ओळ संपली आणि आक्कांनी डावीकडं बघून कपाळावर हात मारला. "अगं बाई, दूध!" आणि उठून पळाल्या. मीही सवयीनं कॅमेरा त्यांच्या मागनं वळवला, दूध उतू गेलेलं नीट जवळनं घेतलं. शेगडीवर पाणी मारून, पदराला हात पुसत त्या परत बसल्या आणि तिसरी ओळ धरली.

"आक्का, परत घेऊया का पहिल्यापासनं?"

त्यांनी गळ्याला हात लावून मान हलवली. आवाज तेवढाच शिल्लक होता. व्हीसीआर एकच, त्यामुळं दुसऱ्या कॅसेटवर उतरवून कापाकापी करायचीही सोय नव्हती. दूध कॅसेटमध्येच राहिलं.

ऑपरेशन झालं. महिन्याभरानं दर रविवारी सकाळी पोरं माझ्या घरी जमायला लागली. टीव्हीत आक्का गायच्या आणि टीव्हीशेजारी आक्का गळ्याला रुमाल बांधून बसायच्या. चुकला सूर की बोट वर. नाकं पुसायचं काम चालूच. माझी बायको म्हणायची, "एक आक्का पुरत नव्हती, आता दोन झाल्या." पण आक्कांच्या तोंडावर एकच काळजी असायची. पाटीवर लिहून मला विचारायच्या, "येतंय का रं?" मी म्हणायचो, "येतंय की!" खरं तर मला गाण्यातलं ओ का ठो कळत नाही.

त्या वर्षी गल्लीच्या गणपतीपुढं पोरांचं गाणं ठेवलं. आक्का पहिल्या रांगेत, हातात रुमालाची पार गुंडाळी केलेली. बारा पोरांनी सूर लावला... काय लावला म्हणून सांगू! गल्ली गप झाली. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. आणि बाराच्या बारा पोरांनी डावीकडं माना वळवून कपाळाला हात मारले.

"अगं बाई, दूध!"

मग हात कपड्यांना पुसून तिसरी ओळ. मांडव हसून कोसळायचा बाकी होता. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. धावत आक्कांकडं गेलो, म्हटलं, माझीच चूक, कॅसेटवरचं ते दूध आधीच पुसायला पाहिजे होतं. आक्का आवाज न करता हसत होत्या, खांदे हलत होते, डोळ्यांतनं पाणी. पाटी ओढून त्यांनी लिहिलं, "पुसू नको. माझ्याकडनंच शिकल्यात, हे कळलं की लोकांस्नी."

त्यानंतर माझ्या आक्कांनी "येतंय का रं?" हा प्रश्न पाटीवर कधी लिहिला नाही.

तेराव्याला टीव्ही आणि व्हीसीआर उचलून त्यांच्याच घरात नेला. पोरं आता आठ-नऊ वर्षांची झालीत, भिंतीला टेकून दाटीवाटीनं बसली. कॅसेट लावून लावून झिजलेली, चित्रावर पांढरे पट्टे. आक्कांची सून सुनीता सकाळपासनं एक शब्द बोलली नव्हती, कोपऱ्यात बसून होती. "पाट आला गं" सुरू झालं, पोरंही गायला लागली. दुसरी ओळ संपली, आणि टीव्हीतल्या आक्का अन् सगळी पोरं एकदमच ओरडली.

सुनीता ताडकन उठली आणि स्वयंपाकघरात पळाली.

शेगडी बंदच होती. दूध सकाळीच तापवून झाकून ठेवलं होतं. तरी तिनं झाकण काढून पातेल्यात बघितलं, आणि तिथनंच हसत, रडत हाक मारली, "न्हाय गेलं हो आक्का, न्हाय गेलं उतू!"