पाचव्या माळेला उचललेला घट

त्या वहिनींच्या देवघरातला घट अजूनही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

पुण्याहून न्यूझीलंडला शिकायला आलो आणि तिथल्याच पोलिसांत भरती झालो. तेव्हा नेमणूक हॅमिल्टनला होती. म्युझियममधल्या एका तज्ज्ञ बाईंचा स्टेशनला फोन आला. कुणीतरी नवरात्राचे फोटो फेसबुकवर टाकले होते. त्यातलं रंगीत मडकं पेरूमधल्या प्राचीन नाझ्का लोकांचं, बहुधा थडग्यातून चोरलेलं, असं त्यांचं म्हणणं. त्यात पाणी भरलेलं होतं, त्यामुळे ते रोज खराब होत होतं. साहेबांनी मलाच पाठवलं. आपल्याच माणसांच्या देवघरात वर्दी घालून शिरायचं, काय वैताग होता!

वहिनी एकट्याच राहत होत्या. इंजिनिअर नवरा दोन वर्षांपूर्वी अचानक गेला होता. घटाभोवती गव्हाचे कोवळे कोंब आले होते आणि मडक्यावरचे लाल-काळे चेहरे डोळे वटारून बघत होते.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. कुठून आणलं, कस्टमला काय सांगितलं? वहिनींचं एकच उत्तर.

"ह्यांनी नक्कल म्हणून घेतलं होतं, दादा. आणि घट दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतं, तिथंच तर अडलं होतं. खोटं बोलणारा माणूस पाल्हाळ लावतो. या बाई एका वाक्यावर ठाम होत्या. त्यांना मडक्याचं काही नव्हतं, नवऱ्याच्या नावाला बट्टा लागू द्यायचा नव्हता. शेवटी त्यांनीच त्याचा फोन आणला. चार्ज करून ठेवायच्या, पण उघडायचा धीर झाला नव्हता. "बघा, काही सापडायचं नाही," म्हणाल्या.

सापडलं. कामासाठी पेरूला गेला असतानाचा, तिकडच्या बाजारातला व्हिडिओ होता. नवरा मडकं हातात धरून हसत सांगत होता, "अगं, हे खरंखुरं आहे, थडग्यातलं. कस्टमला नक्कल म्हणून सांगेन. तुलाही तेच सांगणार, नाहीतर घरात घेणार नाहीस. पुढे कधीतरी दाखवीन हा व्हिडिओ."

वहिनी म्हणाल्या, "परत लावा." मी परत लावला.

त्या उठल्या, देवीची क्षमा मागितली, पाणी तुळशीत ओतलं आणि पाचव्या माळेलाच मडकं माझ्या हातात दिलं. "कुणीतरी आपल्या गेलेल्या माणसाजवळ ठेवलेलं होतं. त्याचं त्याला जाऊ दे." डोळ्यांत टिपूस नव्हतं. पुरावा म्हणून फोनही न्यावा लागेल म्हटल्यावर मात्र त्या ढसाढसा रडल्या.

मडकं पेरूला परत गेलं. आरोपीच हयात नव्हता, केस बंद झाली. फोन द्यायला मी स्वतः गेलो. काय बोलावं ते घोकूनही ठेवलं होतं. वहिनींनी दारातच तो व्हिडिओ लावला, नवऱ्याचा आवाज आल्यावर मला "या" म्हणाल्या. गुन्हा सिद्ध झाला की माणसाबद्दल सगळं कळलं, असं मी नोकरीभर समजत होतो. त्या दारात तसं वाटेनासं झालं.