भर उन्हात वाजलेली घंटा

मागच्या वर्षी अकोल्याच्या आमच्या जुन्या कॉलेजात गेले होते. तिथल्या एका तरुण इंजिनिअरने मोठ्या कौतुकाने आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. गच्चीवर पाणी साचलं, टाकी भरून वाहू लागली, रिकाम्या खोलीत पंखा फिरत राहिला, की त्यावर लगेच खूण उमटते म्हणे. “तुमच्या काळात असं काही नव्हतं ना, मॅडम?” तो म्हणाला. मला हसूच आवरेना. मी विचारलं, “आणि गच्चीवर कुणी कुरडया घातल्या तर?” त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

साठ साल नुकतंच उलटलं होतं. माझे बाबा याच कॉलेजचे ओव्हरसियर. इमारतीची डागडुजी त्यांच्याकडे आणि आमचं बिऱ्हाड आवारातल्याच क्वार्टरमध्ये. मी तेव्हा इंटर सायन्सला होते आणि पुढे बी.एस्सी. करायचं हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पण आमच्या कॉलेजात बी.एस्सी.चा वर्गच नव्हता. बाबांनी सांगून टाकलं होतं, “इथं वर्ग निघाला तर शिक. पोरीले अमरावतीच्या होस्टेलात ठेवनार नाई मी.” म्हणजे वर्गाला परवानगी मिळाली तर माझं शिक्षण, नाही तर वलगावहून सांगून आलेलं स्थळ. आई यावर काहीच बोलायची नाही. ती स्थळाच्या बाजूची आहे, असं मी धरूनच चालले होते.

परवानगी अडली होती छतापायी. विद्यापीठाची समिती पहिल्यांदा आली ती नेमकी भर पावसाळ्यात. वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत बैठक भरली आणि अध्यक्षांच्या पुढ्यातच टपटप सुरू झाली. “आधी छत बघा, मग वर्गाचं बोलू,” म्हणून मंडळी चालती झाली. खरं तर दोष छताचा कमी आणि अंगणातल्या कडुनिंबांचा जास्त. पाल्याने गच्चीवरच्या पन्हाळींची तोंडं तुंबायची, पाणी साचायचं आणि सावकाश खाली मुरायचं. बाबांना कळेपर्यंत उशीर झालेला असायचा.

मग पदार्थविज्ञानाच्या सरांनी आणि बाबांनी मिळून एक यंत्र बनवलं. प्रत्येक पन्हाळीपाशी, गच्चीच्या फरशीपासून बोटभर उंचीवर, तांब्याच्या दोन उघड्या तारा शेजारी शेजारी ताणल्या. साचलेलं पाणी तारांना टेकलं की खाली बाबांच्या खोलीत त्या पन्हाळीचा दिवा लागायचा आणि घंटा खणखणायची. वीज इतकी किरकोळ, की तारांना हात लावला तरी कळायचं नाही. दिवा लागला म्हणजे पाणी साचलं, नाही लागला म्हणजे गच्ची कोरडी. तिसरं उत्तर नाही. बाबा या यंत्रावर एवढे खूश, की आभाळ भरून आलं की जेवण सोडून दिव्यांपुढे जाऊन बसायचे. उरलेल्या पावसात छत एकदाही गळलं नाही.

समिती पुन्हा आली ती मे महिन्यात. अकोल्याचा मे! सकाळीच गच्ची तव्यासारखी तापलेली. आणि तिथे ओलं धोतर अंथरून आई आणि मी त्यावर कुरडया घालत होतो. दरवर्षी आमच्या कुरडया तिथेच वाळायच्या, कारण एवढी ऐसपैस गच्ची सगळ्या गल्लीत नव्हती. त्या वर्षी आईने दुप्पट गहू भिजवले होते. हे सगळं माझ्या रुखवतासाठीच चाललंय, असं वाटून मी तोंड फुगवून सोऱ्या दाबत होते.

वारा सुटला आणि ओलं धोतर फडफडायला लागलं. मी सोऱ्यात चीक भरत होते, तेवढ्यात खाली घंटा खणखणली. थांबेचना. खाली प्रयोगशाळेत समिती बसलेली, आणि भर उन्हात यंत्र सांगत होतं की गच्चीवर पाणी साचलंय!

जिन्यावर पावलं वाजली. पुढे अध्यक्ष, मागे सर आणि सगळ्यांत मागे घामाघूम बाबा. “मे महिन्यातही गळते का हो तुमची गच्ची?” अध्यक्ष म्हणाले. बाबांचं लक्ष पन्हाळीकडे गेलं. उडू नये म्हणून आईने धोतराचं टोक चक्क त्या दोन तारांखाली खोचलं होतं. ओलं धोतर, त्यात मिठाचा चीक. वीज खुशाल वाहत होती.

“अवं, तारायले हात लावू नोको म्हनलं होतं ना तुले!” बाबा ओरडले.

“पानी लागलं तं वाजते म्हनलं होतं तुमी,” आई म्हणाली. “म्या कुठं पानी टाकलं? हा तं चीक व्हय!”

सर तोंड फिरवून हसले. पण अध्यक्षांचा गंभीर चेहरा बघून आईला काय झालं ते उमगलं. ती चिकाने भरलेल्या हातांनी तशीच पुढे गेली. परक्या पुरुषासमोर कधी न बोलणारी माझी आई म्हणाली, “साहेब, चूक माही व्हय जी. कालेजाची नाई. माह्या पोरीचं शिक्षन थांबवू नोका.”

मी सोऱ्या घेऊन तशीच तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

अध्यक्ष वाकले. त्यांनी धोतराचं टोक उचललं, घंटा थांबली. परत टेकवलं, खणखणली. लहान पोरासारखा त्यांनी तो खेळ चांगला चार-पाचदा केला. मग हात झटकत म्हणाले, “कुरडईसुद्धा सुटत नाही यातून, तर पाणी काय सुटणार? वर्ग सुरू करा तुम्ही.”

मंडळी खाली गेली. मी आईला विचारलं, “मग एवढ्या कुरडया रुखवतासाठी नाहीत?”

“रुखवत कायचं वं?” ती धोतर सारखं करत म्हणाली. “इथं वर्ग नाई निंगाला तं तुले अमरावतीले धाडाचं ठरवलं होतं म्या. होस्टेलात काय खाशीन तू?”

“आणि बाबा?”

“त्यायले कोन इचारून राह्यलं!” ती म्हणाली आणि सोऱ्या माझ्या हातातून घेऊन पुढची कुरडई घालायला बसली.